आधी बाव उघडली: ठाण्यातल्या एका चर्चच्या आवाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे पश्चिमेच्या एका जुन्या गावठाणाला लागून हे चर्च आहे. चर्चचं, फादरांचं किंवा गावकऱ्यांचं नाव मुद्दाम देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी पेशाने स्थापत्य अभियंता. कॅथलिक नाही. पण दोन गल्ल्या सोडून वाढलो, आणि चौथीपर्यंत शाळेत जायचा माझा रस्ता याच आवारातून होता. फादरांनी दुरुस्तीच्या समितीत यायला सांगितलं तेव्हा हो म्हणायला मला वेळ लागला नाही.

ठाण्याचं आणि ख्रिस्ती धर्माचं नातं पोर्तुगीजांच्याही आधीचं. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन मिशनरी ठाण्यात मारले गेले. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि साष्टी बेटावरची कितीतरी चर्चं ओस पडली. मागे राहिली ती माणसं: भातशेती करणारी, मासेमारी करणारी, घरात मराठीच बोलणारी. १८८७ पासून हा समाज स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतो. आमच्या प्रकरणातलं चर्च या लोकांचं. आजच्या भिंती इंग्रज काळातल्या आहेत, काळ्या दगडाच्या जोत्यावर चुन्यात बांधलेल्या.

रिक्षावाले याला ‘कॅथेड्रल’ म्हणतात. कॅथेड्रल म्हणजे बिशपांचं आसन जिथे असतं ते चर्च. ठाणं मुंबई महाधर्मप्रांतात येतं आणि त्याचं कॅथेड्रल कुलाब्याला आहे. आमचं हे साधं धर्मग्रामाचं चर्च. पण आवार ऐसपैस आहे. चर्च, फादरांचं घर, एकेकाळी प्राथमिक वर्ग भरायचे ती बैठी कौलारू इमारत, दगडी क्रूस, थोडी जुनी थडगी, एक चिंच आणि एक बाव, म्हणजे विहीर. एवढी मोकळी जागा या भागात दुसरीकडे कुठे उरलेली नाही.

मी लहान असताना आवाराला दोन फाटकं होती आणि दोन्ही दिवसभर उघडी असायची. नंतर एकदा दानपेटी फुटली. भिंत उंच झाली, तिच्यावर काचा बसल्या, मागच्या फाटकाला कुलूप लागलं. गाड्या लावायला सोय म्हणून अंगणभर काँक्रीट घातलं. बावेवर स्लॅब टाकला. यातला एकही निर्णय कुणी दुष्टपणाने घेतला नव्हता. प्रत्येक निर्णयामागे त्या वेळचं कारण होतं.

अडचण

फादर नव्याने बदलून आले त्या पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीचा एक भला मोठा पोपडा मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेच्या, वेळी खाली आला. कुणाला लागलं नाही, पण ते बाक त्यानंतर रिकामे ठेवावे लागले.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीला तळहात लावला. मार्च महिना होता, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि भिंत ओल्या कापडासारखी गार लागत होती. हातोडीने हळूच ठोकत गेलो तर कमरेइतक्या उंचीपर्यंत आवाज पोकळ. सुटलेला तुकडा काढला तर मागे पिठासारखा पांढरा लोणा. मूळ चुन्याच्या गिलाव्यावर कधीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता आणि त्यावर ऑइल पेंट. चुन्याची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि उन्हाळ्यात बाहेर सोडून देते. सिमेंटने तिची ती वाटच बंद केली. ओल आत अडकली, वर चढत गेली, तिच्यातले क्षार भिंतीच्या पोटात जमले आणि फुगून पोपडे सुटू लागले. वर छत पेलणाऱ्या सागवानी कैच्यांची जी टोकं भिंतीत घुसलेली होती, त्यातल्या एका टोकात स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला.

ओल येत कुठून होती हे कळायला मात्र चर्चच्या बाहेर यावं लागलं. समोरच्या रस्त्यावर डांबरावर डांबर चढून रस्ता जोत्यापेक्षा वर गेला होता. आवारात काँक्रीट, त्यामुळे पावसाचं पाणी मुरत नव्हतं. त्यातलं अर्धं चर्चच्या पायाशी साचायचं आणि अर्धं मागच्या भिंतीखालून सरळ पलीकडच्या चाळीत जायचं. त्या चाळीतल्या पाच-सहा घरांत दर जुलैमध्ये घोट्याइतकं पाणी असायचं. ते पाणी चर्चचं आहे हे चाळीला माहीत होतं. चर्चला माहीत नव्हतं.

म्हणजे प्रश्न दोन होते. इमारत धोक्यात होती हा एक. आणि शेजारपाजारचा चर्चशी काही संबंध उरला नव्हता, उरला होता तो रागाचा, हा दुसरा. फादरांना दुसरा प्रश्न जास्त बोचत होता. ते एकदा म्हणाले, “चर्च दुरुस्त झालं आणि फाटक बंदच राहिलं, तर मी इथे काय केलं?”

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय एका बिल्डरने आणला. मागची जागा आणि बैठी इमारत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, त्याने तिथे इमारत उभी करायची, बदल्यात चर्चची दुरुस्ती आणि तळमजल्यावर एसी हॉल. आकडा मोठा होता आणि समितीतल्या बऱ्याच जणांना तो पटला होता. वकिलांनी दोन गोष्टी समजावल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शिवाय कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या १९८३ च्या संहितेनुसार असा नेहमीच्या कारभाराबाहेरचा व्यवहार धर्मप्रांताच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. पण माझ्या मते हा पर्याय कायद्याने पडला नाही. दोन्ही परवानग्या प्रयत्न करून मिळाल्या असत्या. तो पडला तो चिंच आणि बाव दोन्ही त्या नकाशात नव्हत्या म्हणून.

दुसरा पर्याय फक्त चर्चची डागडुजी. गिलावा, छत, रंग, आणि सणाच्या आत उद्घाटन. स्वस्त आणि सुटसुटीत. पण पाणी तसंच राहिलं असतं तर चार पावसाळ्यांत पोपडे परत आले असते.

तिसरा पर्याय आवाराची टप्प्याटप्प्याने दुरुस्ती: आधी पाणी, मग भिंती आणि छत, मग बैठी इमारत शेजाऱ्यांच्या उपयोगासाठी. याला वेळ जास्त, पैसे कमी पडण्याची भीती कायम, आणि ‘शेजाऱ्यांचा उपयोग’ म्हणजे नेमकं काय हे कुणालाच ठाऊक नाही.

पहिला निर्णय: आधी विचारायचं

समितीने गृहीत धरलं होतं की लोकांना हॉल हवा आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे. फादरांनी नकाशा काढायच्या आधी मला आणि दोन बायकांना दारोदार पाठवलं. चाळीत, फाटकाबाहेर भाजी विकणाऱ्या बायकांकडे, रिक्षा स्टँडवर, पलीकडच्या सोसायटीत.

हॉल एकानेही मागितला नाही, असं नाही. दोघातिघांनी मागितला. पण भाजीवाल्या बायकांनी पहिल्या वाक्यात संडास मागितला. सकाळी सहाला टोपली घेऊन बसायचं आणि दुपारी घरी जाईपर्यंत पाणी प्यायचं नाही, असा त्यांचा दिवस. चाळीतल्या आयांनी मुलांना संध्याकाळी अभ्यासाला बसायला जागा मागितली. म्हाताऱ्यांनी जुनी वाट मागितली, कारण मागचं फाटक बंद झाल्यापासून बसस्टॉपला मोठा वळसा पडत होता. आणि गावठाणातल्या एका आजींनी आम्हाला चहा देत एवढंच सांगितलं, “पयली बाव उगरा, मंग बाकीचा बगू.”

ईस्ट इंडियन लग्नात उंबराचं पाणी आणायची चाल आहे. घरच्या बायका बाजा लावून विहिरीवर जातात आणि लग्नघरी पाणी भरून आणतात. बावेवर स्लॅब पडल्यापासून या गावातल्या बायका नळाखाली बादली भरून तीच मिरवत आणत होत्या. आजींच्या तीन नाती तशाच बादलीवर लग्न होऊन गेल्या.

ती चार दिवसांची फेरी झाली नसती तर आम्ही हॉल बांधला असता.

दुसरा निर्णय: वाट उघडायची का

इथे सगळ्यात जास्त वाद झाला. चोरीची भीती होतीच, पण विश्वस्तांना त्याहून मोठी भीती कायद्याची होती. भारतीय वहिवाट हक्क अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षं एखादी वाट उघडपणे, विनाअडथळा आणि हक्काने वापरली की तिच्यावर कायमचा हक्क सांगता येतो. उद्या आवाराचं काही करायचं झालं तर ही वाट गळ्यात पडेल, असं एका ज्येष्ठ विश्वस्तांचं म्हणणं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही हीच भीती वाटली असती.

वकिलांचं उत्तर सोपं निघालं. परवानगीने केलेला वापर हक्काचा वापर ठरत नाही. म्हणून दोन्ही फाटकांवर पाटी लागली: ‘ही वाट चर्चच्या परवानगीने, सकाळी सहा ते रात्री नऊ खुली.’ वर्षातून एक दिवस, गुड फ्रायडेला, मागचं फाटक बंद ठेवायचं असंही ठरलं. म्हणजे ती परवानगी आहे हे दरवर्षी दिसत राहतं. भीती कागदावर उतरवली आणि तिला उत्तर दिलं, तेव्हा त्याच विश्वस्तांनी फाटकाच्या नव्या कडीचे पैसे स्वतः दिले.

पवित्र जागा कुठे संपते, हा प्रश्नही याच बैठकांत निघाला. आवारात कोणीही येणार म्हणजे चर्चमध्ये काहीही चालणार का? चर्चच्या त्याच संहितेतल्या कॅनन (कलम) १२१० मध्ये याची रेघ स्पष्ट आहे: पवित्र स्थळी उपासनेला आणि भक्तीला साजेल तेवढंच चालतं, त्यापलीकडच्या वापराला बिशप किंवा त्यांचे प्रतिनिधी त्या-त्या वेळेपुरती परवानगी देऊ शकतात. फादरांनी हे मराठीत समजावून सांगितलं. चर्चचं दार उपासनेसाठी, बैठी इमारत आणि अंगण सगळ्यांसाठी. एवढं ऐकल्यावर वयस्कर मंडळींचा निम्मा विरोध मावळला.

काय केलं

काम बावेपासून सुरू झालं. स्लॅब फोडला, पण लगेच कुणालाही खाली उतरू दिलं नाही. वर्षानुवर्षं बंद असलेल्या विहिरीत प्राणवायू फार कमी असू शकतो आणि विषारी वायू साचलेला असू शकतो. त्यात उतरून माणसं मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. दोन दिवस पंख्याने हवा मारली, यंत्राने तपासली, मगच माणूस दोराला बांधून उतरला. गाळ, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिक, आणि तळाशी एक चेपलेला पितळी तांब्या. आतलं काळ्या दगडाचं बांधकाम एका जागी सरकलेलं सोडलं तर जसंच्या तसं होतं.

मग अंगणातलं काँक्रीट उखडलं. चर्चच्या चारही बाजूंनी चर खणून त्यात खडी भरली आणि पाण्याला उतार दिला. छताचं पाणी पन्हाळीतून गाळणीच्या टाकीत आणि तिथून बावेत. पहिल्या पावसाचं घाण पाणी बावेत जाऊ नये म्हणून वेगळी तोटी. काँक्रीटच्या जागी मोकळ्या सांध्यांची दगडी फरशी, चिंचेभोवती नुसती माती. गाड्यांची जागा निम्म्यावर आली. त्यावरून रविवारी बरीच कुरबुर झाली आणि अजून होते.

भिंतीचं काम चुन्याने. कळीचा चुना खड्ड्यात भिजवून महिनाभर मुरवला, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून मळला, हिरडा आणि गुळाचं पाणी घातलं. हे काम जाणणारा गवंडी शोधायलाच दोन महिने गेले. तो सातारकडचा, साठीचा. पहिल्या दिवशी त्याने सगळं सिमेंट काढायला सांगितलं आणि म्हणाला, “साहेब, आता सहा महिने हिला उघडीच ठेवा. वाळू द्या. मग बघू.” समितीला ते सहा महिने फार जड गेले. उघड्या विटांच्या चर्चमध्ये दोन लग्नं लागली, फोटो चांगले येत नाहीत म्हणून एक लग्न दुसऱ्या चर्चमध्ये गेलं. पण फादरांनी गवंड्याचं ऐकलं.

कैच्यांची कुजलेली टोकं कापून तिथे जुन्या सागवानाचे तुकडे जोडले. पूर्ण कैच्या बदलल्या नाहीत.

पैशांबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण इतरांच्या उपयोगी पडेल. गावातले बरेच जण आखातात आणि कॅनडात. पैसे द्यायची सगळ्यांची इच्छा. पण परकीय देणगीच्या कायद्यात भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे परकीय देणगी धरत नाहीत, आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्याने, मग तो मूळचा इथलाच का असेना, दिलेले पैसे धरतात. ते घ्यायला नोंदणी किंवा केंद्राची आधी परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतलं खातं. आमच्या न्यासाकडे ती नोंदणी नव्हती. म्हणून एका गावकऱ्याच्या दुबईतल्या पुतण्याचे पैसे घेतले आणि त्याच्याच टोरांटोतल्या सख्ख्या भावाचे परत पाठवले. त्या भावाला वाईट वाटलं. त्याने नंतर सुट्टीत येऊन आठवडाभर रीपा रंगवल्या.

शेवटी बैठी इमारत. दोन खोल्या अभ्यासिकेला, एक खोली आठवड्यातून दोनदा डॉक्टरांना, आणि मागच्या गल्लीतून थेट जाता येईल असे बायकांसाठी तीन संडास. त्यांना पाणी बावेचं.

काय झालं

नव्या पाणीव्यवस्थेचा पहिला जुलै आला तेव्हा मी मुद्दाम पावसात चाळीत गेलो. घरांत पाणी नव्हतं. गटार तुंबल्यामुळे गल्लीत थोडं होतं, पण आवारातून येणारा लोंढा थांबला होता. बावेचं पाणी काठाखाली दोन हातांवर आलं. ते प्यायचं नाही, पण झाडांना आणि संडासांना मेपर्यंत पुरलं.

अभ्यासिका भरते. परीक्षेच्या दिवसांत बसायला जागा नसते. मुलं बहुतेक चाळीतली आणि जवळच्या झोपडपट्टीतली, कॅथलिक त्यात थोडी. आवारात एक चोरी झाली, सायकलची. वाट बंद करा अशी मागणी लगेच आली. फादरांनी आठ दिवस थांबून विषय बैठकीत घेतला, दिवे वाढवले आणि वाट चालू ठेवली.

मागच्या वर्षी, उन्हाळ्यात, आजींच्या धाकट्या नातीचं लग्न झालं. बाजा वाजत बायका आवारात आल्या. भाजीवाल्या बायका टोपल्या सोडून बघायला आल्या होत्या. आजींना खुर्चीवर बसवून आणलं होतं. पहिली कळशी वर आली तेव्हा त्यांनी तिच्यात हात बुडवला आणि तो हात बराच वेळ बाहेर काढला नाही.

वेगळं काय करायला हवं होतं

पश्चिमेची भिंत आम्ही घाई करून बिघडवली. सण जवळ आला होता, ठेकेदारावर समितीचा दबाव होता आणि मी तो थांबवला नाही. गवंडी गावी गेलेला असताना मेच्या शेवटी गिलावा मारला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो, त्याला आठवडे लागतात. ठाण्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पहिल्या झोडपणीतच तो गिलावा खाली घसरला. काम फेब्रुवारीत संपवायचं किंवा ऑक्टोबरपर्यंत थांबायचं, याला तिसरा रस्ता नव्हता, आणि हे मला माहीत होतं.

संडास शेवटी बांधले. लोकांनी ते सगळ्यात आधी मागितले होते. बाव आधी उघडणं योग्यच होतं, पण तेव्हाच दोन तात्पुरते संडास उभे करता आले असते. भाजीवाल्या बायकांनी काम सुरू झाल्यावर दीड वर्ष वाट पाहिली, आणि कुणी तक्रार केली नाही म्हणून आमच्याही ते लक्षात आलं नाही.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त लागते. चर खणताना उत्तरेच्या बाजूचा एक थडग्याचा दगड आडवा आला. अक्षरं झिजलेली, मराठी, नाव अर्धवट. मजुरांनी तो उचलून क्रुसाच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला. खाली थडगं नव्हतं, दगड आधीच कधीतरी हललेला होता, म्हणून मी हरकत घेतली नाही. दोन महिन्यांनी एक साठीच्या बाई आल्या. दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, त्या त्या दगडाशी मेणबत्ती लावत असत. दगड जागेवर नाही हे बघून त्या काही बोलल्या नाहीत. मेणबत्ती तशीच पिशवीत ठेवून निघून गेल्या. हे आम्हाला सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे उपासनेचं साहित्य ठेवायच्या खोलीतल्या, माणसाने संध्याकाळी सांगितलं.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक दगडाचा फोटो, जागा आणि त्याच्याशी कोण येतं याची नोंद करायला हवी होती. एका रविवारी मिस्सेनंतर विचारलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. आता ती नोंदवही आहे. दगड चराच्या पलीकडे, मूळ जागेपासून दीड मीटरवर, मातीत पुन्हा बसवला आहे. फादर आणि मी त्या बाईंच्या घरी दोनदा जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, नीट बोलल्या. येत्या २ नोव्हेंबरला त्या येतात का, ते बघायचं आहे.